अभ्यासार्थ बंगला

संपत्ती मिळवायला अक्कल लागते की नशीब, याबद्दल जाणकारांत अजून मतभेद आहेत. पण मिळालेली संपत्ती सांभाळायला पदव्युत्तर पदवी लागते, यावर आता सर्वांचं एकमत झालेलं आहे. ज्यांचं झालं नव्हतं त्यांच्याकडे संपत्तीच नसल्यामुळे त्यांचं मत विचारात घेण्यात आलं नाही.

आमच्या शहरातल्या विद्यापीठाने ही गरज वेळीच ओळखली आणि 'कौटुंबिक संपत्ती व्यवस्थापन' हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. विभागाला जागा मिळाली ती प्राणिशास्त्राच्या मागची, त्यामुळे वर्गात जाताना काचेच्या बरण्यांतले बेडूक लागतात. (विभागप्रमुखांच्या मते हे सोयीचंच आहे. जतन म्हणजे काय ते विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर राहतं.) विभागाच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर छापलंय की शंभरातली नव्वद घराणी तिसऱ्या पिढीत संपत्ती घालवतात. उरलेली दहा ती कशी टिकवतात हे कुणालाच सांगत नाहीत, म्हणून हा विषय संशोधनाला अगदी मोकळा आहे.

माझा स्वतःचा या विषयाशी संबंध फार वरवरचा होता. मी सोफे दुरुस्त करतो. बाजाराच्या मागच्या गल्लीत खाली दुकान, वर घर. जुन्या सोफ्याचं कापड सोलायचं, आतला कुजलेला काथ्या काढायचा, स्प्रिंगा सुतळीने नव्याने बांधायच्या, वर फोम घालून कापड ताणायचं आणि चुका, म्हणजे बारीक खिळे, मारायच्या. मोठमोठ्या घराण्यांचे सोफे माझ्या हाताखालून गेले आहेत, आणि बैठक आणि पाठ यांच्या फटीत त्या घराण्यांचं जे काही साचलेलं असतं तेवढीच संपत्ती मी पाहिलेली आहे. पेनांची टोपणं, कंगवे, आणि एकदा एक कवळी. (कवळी मी परत केली. न्यायला दोघे भाऊ आले होते. वडिलांची आठवण म्हणून ती दोघांनाही हवी होती. शेवटी वरची एकाने नेली, खालची दुसऱ्याने.)

याच कवळीवाल्या घराण्याने माझ्या नातीला नोकरी कबूल केली. दोघा भावांना एकमेकांशी बोलण्यासाठी पगारी माणूस हवा होता. मुलगी हुशार, हिशेबाला पक्की, शिवाय बोलायला मऊ. पण असं नाजूक काम पदवीशिवाय कुणाकडे द्यायचं कसं? तेव्हा भावांनी तिला या अभ्यासक्रमाला जायला सांगितलं. पदवी आण, दुसऱ्या दिवशी कामावर ये; नाही आणलीस तर दुसरी बघतो, असा रोखठोक व्यवहार ठरला.

प्रवेशाच्या मुलाखतीत विभागप्रमुखांनी तिला विचारलं, "तुमच्या घरात किती पिढ्यांपासून संपत्ती आहे?"

"आजोबा आहेत," ती म्हणाली.

त्यांनी ते लिहून घेतलं. प्रवेश मिळाला.

अभ्यासक्रम हलका नाही. पहिल्या सत्रात 'पैसा' हा शब्द उच्चारायला बंदी असते. त्याऐवजी 'वारसा' म्हणावं लागतं. दुसऱ्या सत्रात वारशाचीही सवय मोडून 'मूल्ये' म्हणायला शिकवतात. तिसऱ्या सत्रापर्यंत विद्यार्थी इतका तयार होतो की फीच्या खिडकीपाशी उभा राहून तो बोटाला थुंकी लावून मूल्ये मोजतो. विषय म्हणाल तर 'वडिलांशी बोलणे, भाग एक' आणि 'वडिलांशी बोलणे, भाग दोन (वडील ऐकत असताना)' हे सक्तीचे. मग 'भावंडांचे वर्गीकरण' आहे, 'सुना व जावई : जोखीम आणि संधी' आहे. 'समाधान' नावाचाही एक विषय ठेवलेला आहे, पण तो शिकवायला अजून कुणी मिळालेलं नाही. अर्ज पुष्कळ येतात, पण मुलाखतीत उमेदवार पगाराबद्दल फारच घासाघीस करतात.

दुसऱ्या वर्षी प्रात्यक्षिक. प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या कुटुंबाच्या सभा भरवायच्या, संपत्ती पुढच्या पिढीकडे कशी जावी याची 'कौटुंबिक सनद' तयार करायची आणि तिच्यावर घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची सही घ्यायची. सून, जावई धरून. एक सही कमी पडली तरी पदवी नाही.

हा नियम करताना विभागाने असं गृहीत धरलं होतं की चित्रकलेची मुलं जसे ब्रश घरून आणतात तशी ही मुलं संपत्ती घरून आणतील. पण श्रीमंतांच्या मुलांनी घरी विचारलं तेव्हा बहुतेक बापांनी "तुला काय करायचंय?" एवढाच तपशील दिला. एकाचे वडील तेवढे मोकळ्या मनाचे निघाले. त्यांनी सगळी कपाटं उघडून दाखवली. ती पाहून मुलाने अभ्यासक्रम सोडला आणि मिळेल ती नोकरी धरली.

तेव्हा विभागाने 'अभ्यासार्थ संपत्ती' ही योजना आणली. एका स्टीलच्या वाडग्यात चिठ्ठ्या टाकायच्या, प्रत्येकाने एक उचलायची, तीत लिहिलेली संपत्ती परीक्षेपर्यंत त्या कुटुंबाची. संपत्ती कागदावरचीच, पण नियम खरे. ती विकता येणार नाही, कारण विकली की विषय संपतो आणि विषय संपला की विभाग बंद पडतो. एका मुलीला चार जहाजं निघाली. एका मुलाला नुसता वाळवंटातला जमिनीचा तुकडा निघाला. तो त्या दिवशी जेवणाच्या ताटावरून उठून गेला म्हणे.

नात घरी आली, चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "आजोबा, आपण श्रीमंत झालो. परीक्षेपर्यंत."

चिठ्ठीत होतं, बिस्किटांचा चालू कारखाना एक, समुद्राकाठी आठ खोल्यांचा बंगला एक, तैलचित्र एक (किंमत अनिश्चित).

आमची मंडळी भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "बंगला कुठेसा आला?"

"कुठेच नाही गं, आजी. अभ्यासासाठी आहे."

"असू दे. पण पाण्याची सोय आहे ना?"

पहिली सभा सुट्टीच्या दिवशी सकाळी दुकानात भरली, कारण बसायला जागा तिथेच जास्त होती. थोरला मुलगा, म्हणजे नातीचा बाप, हा माझ्याबरोबर दुकानातच काम करतो. तो सवयीने एका खुर्चीच्या चुका उपटत बसला. सूनबाई त्याच्या शेजारी. लेक पलीकडच्या वस्तीतून जावईबापूंना घेऊन आली. जावईबापू नेमके ज्या सोफ्यावर बसले त्याच्या स्प्रिंगा अजून बांधायच्या होत्या, त्यामुळे ते बोलायला लागले की हळूहळू खाली जात आणि गप्प बसले की वर येत. (ते शेवटपर्यंत बरेच खाली होते.)

सुरुवातीला हसणंखिदळणं चाललं. थोरला म्हणाला, "कारखान्याचा मालक झाल्यावर मी बिस्किटं चहात बुडवणार नाही. माणसं ठेवीन बुडवायला." जावईबापूंनी तैलचित्रात काय आहे ते विचारलं. नातीने सांगितलं की विभागाने ते लिहिलेलं नाही. मंडळी म्हणाली, "बाई नसली म्हणजे झालं." इथवर सगळं खेळीमेळीत होतं.

मग नातीने पुस्तकातून वाचून दाखवलं, "संस्थापकाने आपली इच्छा सभेपुढे मांडावी."

संस्थापक म्हणजे मी. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी जन्मभर गिऱ्हाइकांना 'कधी मिळेल' या प्रश्नाला जे उत्तर देत आलो तेच दिलं. म्हटलं, "बघू."

या शब्दाची खरी किंमत मला दुसऱ्या दिवशी कळली. सकाळचा चहा झाल्यावर सूनबाईंनी पुन्हा चहा आणला. पूर्वी माझ्या खोकल्याची दखल फक्त मंडळी घेत असे, आणि तीही 'जरा तिकडे जाऊन खोका' एवढ्यापुरती. आता थोरला हातातला दाभण खाली ठेवून विचारायला लागला, "बाबा, खोकला कसा आहे?" लेक फोन करून तेच विचारू लागली. जावईबापूंनी कफाचं औषध पाठवलं, आणि पाठोपाठ ते पोचल्याची चौकशी केली, आणि ते त्यांनीच पाठवलंय हे मला माहीत आहे ना याचीही. साधा सरळ हिशेब मांडला तर सभेपूर्वीच्या उभ्या वर्षात मला जितकी माया मिळाली नव्हती, तितकी त्या एका आठवड्यात मिळाली. खोकला खरं म्हणजे काथ्याच्या धुळीचा. तो आहे तसाच आहे. पण त्या दिवसांत मी तो जरा मोकळेपणाने खोकत असे.

त्यामुळे दुसऱ्या सभेतही मी "बघू" म्हणालो.

दुसऱ्या सभेत खोल्यांचा विषय निघाला. थोरल्याचं म्हणणं, कारखाना मी चालवणार म्हणजे बंगल्यातल्या समुद्राकडच्या खोल्या माझ्या; थकून आल्यावर वारा नको का? जावईबापू खाली जाता जाता म्हणाले, "जावयाला वारा चालत नाही असं कुठे लिहिलंय?" सूनबाई म्हणाल्या, "लिहिलेलं काहीच नाही हो, म्हणून तर जमलोय." लेक पुढे सरकली. ती म्हणाली, "मला समुद्राकडची नकोच. मागची द्या. पण एकदा दिली की तिच्यात काथ्या भरू नका."

वरच्या मजल्यावर जिन्याशेजारची खोली तिची होती. तिचं लग्न झालं त्याच महिन्यात तिथे काथ्याची पोती ठेवली, ती आजवर आहेत. नातीने टिपून घेतलं : सदस्य क्रमांक चार, मागील खोली, साठवणुकीस हरकत.

तिसऱ्या सभेत कारखान्यावरून वाजलं. जावईबापूंनी सुचवलं की कारखान्याला बाहेरचा शिकलेला माणूस नेमावा. थोरल्याने हातातली हातोडी खाली ठेवली. म्हणाला, "म्हणजे मी मिसरूड फुटल्यापासून राबतोय ते कशाला? एका शब्दाने कधी विचारलंत, बाबा, की हे पुढे कुणाचं? गिऱ्हाईक आलं की अजून तुमच्याशी बोलतं. मी आपला सुतळी ओढणारा." तो बिस्किटांच्या कारखान्याबद्दल बोलत होता. त्या कारखान्यात त्याने कधी पाऊल टाकलेलं नव्हतं, त्यामुळे त्याला एवढं भरून यायचं कारण सभेच्या नोंदीत घालता आलं नाही.

मी म्हणालो, "बघू."

चौथ्या सभेला लेक आणि जावईबापू आलेच नाहीत. त्यांच्याऐवजी वकिलाची नोटीस आली. समुद्राकाठच्या बंगल्यात आमच्या अशिलाचा हक्क डावलला जात असून, वगैरे. वकील खरा होता आणि त्याची फीही खरी होती. मी त्याला जाऊन विचारलं, "साहेब, बंगला मुळात नाहीच, हे तुम्हाला माहीत आहे ना?" तो म्हणाला, "तेच बरं असतं, आजोबा. असलेला बंगला लोक दडवतात, विकतात, पाडतात. नसलेल्याला कुणी काही करू शकत नाही. असा भक्कम दावा माझ्याकडे कित्येक वर्षांत आला नव्हता." शिवाय त्याने मला बसायला दिलेली खुर्ची डगमगत होती, ती दुरुस्तीला पाठवून देतो म्हणाला.

नातीने नोटीस विभागप्रमुखांना दाखवली. त्यांना अत्यंत आनंद झाला. जहाजांच्या मालकांत अजून साधी धुसफूससुद्धा झालेली नव्हती. वाळवंटवाले तर एकमेकांना आग्रह करकरून तुकडा देत होते. विभागप्रमुखांनी नोटिशीची प्रत काढून बेडकांच्या बरण्यांच्या वरच्या फळ्यावर लावली आणि नातीला म्हणाले, "कलह हाच संपत्तीचा पुरावा. तुमच्या घरात संपत्ती सिद्ध झाली आहे. आता फक्त सह्या आणा."

"सर, कलह आहे म्हणून तर सह्या मिळत नाहीत."

"बरोबर," ते म्हणाले. "म्हणूनच हा विषय अवघड समजतात."

परीक्षा जवळ आली. सनदेवर एकही सही नव्हती. कवळीवाल्या घराण्यातून दोन निरोप आले, एक वरच्या कवळीकडून आणि एक खालच्या. दोघांचं म्हणणं एकच होतं, पण त्यांना ते एकमेकांना सांगता येत नसल्यामुळे दोन निरोप : पदवी वेळेत मिळत नसेल तर आम्ही दुसरी मुलगी बघतो.

नात माझ्याजवळ येऊन बसली. मी एका आरामखुर्चीचं कापड ताणत होतो. तिने न सांगता दुसरं टोक धरलं. लहानपणापासून धरत आली आहे. म्हणाली, "आजोबा, बंगला बुडवू या का?"

विभागाच्या नियमांत नैसर्गिक आपत्तीची तरतूद होती. सत्रातून एकदा, पूर्वपरवानगीने. तिने रीतसर अर्ज केला, विभागप्रमुखांनी सही-शिक्क्यानिशी समुद्र आत येऊ दिला, आणि बंगला गेला.

तसं सर्वांना कळवलं. माझी अटकळ अशी की आता सुटले सगळे. पण थोरला दुपारभर चुका मारत राहिला, आणि चुका वाकड्या गेल्या. सूनबाई म्हणाल्या, "गच्ची तर नुसती डोळ्यांसमोर दिसत होती हो." लेक जावईबापूंना घेऊन धावत आली. इतके दिवस दुकानाची पायरी न चढलेली माझी लेक भावाच्या गळ्यात पडून म्हणाली, "दादा, तुझी समुद्राकडची खोली गेली रे." तो म्हणाला, "तुझी मागची तरी कुठे राहिली?" दोघांनी मिळून चहा घेतला. नातीने सनद पुढे केली. थोरल्याने पेन उचललं.

तेवढ्यात जावईबापू म्हणाले, "विमा उतरवला होता का?"

पेन खाली ठेवण्यात आलं. विभागाकडे विचारणा झाली. विभागप्रमुखांनी नियम काढला : अभ्यासार्थ संपत्तीचा विमा उतरवलेलाच समजावा. विम्यात बंगला पुन्हा उभा राहिला, आणि नव्या बांधकामात एक खोली वाढली. या नवव्या खोलीवरून जे झालं त्यापुढे आधीच्या आठ खोल्यांचं भांडण म्हणजे अंगाई होती. लेक पुन्हा निघून गेली. वकिलाने दुसरी नोटीस पाठवली आणि सोबत खुर्ची.

रात्रीची जेवणं झाल्यावर मंडळी मला म्हणाली, "अहो, पोरीचं वाटोळं होईल. काय ते सांगून टाका ना एकदाचं."

"काय सांगू?"

"कुणाला काय ते."

"एकाला सांगितलं की दुसरा यायचा बंद होईल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"दोघंही येतात. म्हणजे, येत होती."

तिने माझ्या कपाकडे पाहिलं. मग म्हणाली, "दुसऱ्या चहासाठी नातीची पदवी घालवणार तुम्ही." चहाचा कप माझ्या तोंडाला होता, त्यामुळे नाही म्हणायला तोंड मोकळं नव्हतं.

शेवटची सभा बोलावली. या खेपेला वकीलही आला, खुर्ची झाली का बघायला. मी उभा राहिलो आणि संस्थापकाची इच्छा मांडली. कारखाना आणि नऊ खोल्यांचा बंगला मी विद्यापीठाच्या कौटुंबिक संपत्ती व्यवस्थापन विभागाला दान देत आहे. घरातल्या कुणालाही काही नाही.

अशी एकी मी आमच्या घरात त्यापूर्वी पाहिली नव्हती. थोरला आणि जावईबापू एका सोफ्यावर शेजारी बसले (दोघेही खाली गेले). लेक आणि सूनबाई एकमेकींचा हात धरून माझ्याकडे बघत होत्या. "म्हाताऱ्याने गंडवलं," असं जावईबापू म्हणाले आणि थोरला म्हणाला, "दाजी, पहिल्यांदा तुमचं काहीतरी पटलं." सनद आली. वाटायला काही नसल्यामुळे ती एका ओळीची झाली होती. थोरल्याने सही केली, सूनबाईंनी केली, मंडळीने केली, जावईबापूंनी 'निषेध नोंदवून' असं कंसात लिहून केली.

लेकीने केली नाही. म्हणाली, "बंगला दिलात, ठीक आहे. पण त्यात माझी एक खोली होती. ती मला न विचारता दिलीत. दुसऱ्यांदा."

ती गेली. शेवटची तारीख दुसऱ्या दिवशीची होती.

यानंतर जे झालं त्याचा अभ्यासक्रमाशी काही संबंध नाही, पण नोंद पुरी असावी म्हणून सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळीने पदर खोचला आणि जिन्याशेजारच्या खोलीतून काथ्याचं पोतं ओढायला सुरुवात केली. मग थोरला वर गेला. मग मीही गेलो. सगळी पोती दुकानात आणून रचली. दुकानात आता गिऱ्हाइकाला अंग चोरून उभं राहावं लागतं. खोली झाडली, खिडकी उघडली. ती कशी उघडते हे आम्ही विसरलो होतो. कडी गंजली होती, हातोडी मारावी लागली. वकिलाची खुर्ची तयार होती, ती आत नेऊन ठेवली. नातीने आत्याला फोन केला आणि एवढंच म्हणाली, "आत्या, येऊन जा."

लेक आली. दारात उभी राहून बघत राहिली. जमिनीवर पोत्यांच्या खुणा होत्या. म्हणाली, "समुद्र नाही दिसत इथून."

"नाही," मंडळी म्हणाली. "मागचीच मागितली होतीस."

तिने खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून सही केली. वकिलाची खुर्ची अजून तिथेच आहे. तो नोटीस पाठवणार आहे.

नातीला पदवी मिळाली. तोंडी परीक्षेत विभागप्रमुखांनी विचारलं, की सदस्य क्रमांक चारची संमती कोणत्या तंत्राने मिळवली? तिने सांगितलं, "पोती हलवली." त्यांनी संदर्भग्रंथ विचारला. तिला देता आला नाही, म्हणून थोडे गुण कापले गेले. नाहीतर पहिली आली असती.

विभागाने माझं दान समारंभपूर्वक स्वीकारलं. मला शाल दिली, ती खरी होती. त्यानंतर ऐकतो की 'भावंडांचे वर्गीकरण' शिकवणारे प्राध्यापक आणि 'जोखीम आणि संधी' शिकवणाऱ्या बाई यांच्यात बोलणं बंद आहे. सुट्टीत बंगला आधी कुणी वापरायचा हा प्रश्न आहे. सध्या बंगल्याला कुलूप लागलेलं आहे; किल्ली बाईंकडे आहे आणि पत्ता सरांकडे. विभागप्रमुखांनी समेटासाठी जाणकार माणूस शोधायला काढला, तेव्हा सगळ्यांनी एकच नाव सुचवलं. तेव्हा नात आता सकाळी कवळीच्या दोन भागांमधले निरोप पोचवते आणि संध्याकाळी बेडकांच्या बरण्यांमागे विभागात बसते. दोन्ही पगार वेळेवर होतात.

आमच्याकडे, दान दिल्यावर, दुसरा चहा बंद झाला. खोकल्याची चौकशीही थांबली. मी मनाची तयारी केली होती. पण मग एक दिवस थोरल्याने सनद पुन्हा वाचली आणि त्याच्या लक्षात आलं की दानात फक्त कारखाना आणि बंगला आहे. तैलचित्राचा उल्लेख नाही. किंमत अनिश्चित. हे माझ्याकडून अनवधानाने राहून गेलं. (मंडळीचा यावर विश्वास नाही.) दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी विचारलं, "बाबा, अजून घोटभर घेणार?" लेक आता तिच्या खोलीत येऊन राहते तेव्हा माझ्यासाठी गरम पाणी आणते. तैलचित्राचं काय करायचं, असं परवा जावईबापूंनी अगदी सहज विचारलं. म्हटलं, बघू.

तुम्ही आम्हाला हसलात. हसायलाच पाहिजे, कागदावरच्या बंगल्यासाठी एवढा जीव टाकणारी माणसं हसण्यासारखीच असतात. तुमचं तसं नाही. तुमच्याकडे जे आहे ते खरंच आहे, आणि ते ज्याच्या नावावर आहे ते म्हातारं माणूस आतल्या खोलीत बसलेलं आहे, आणि ते अजून काही बोललेलं नाही. आज संध्याकाळी त्याच्या खोकल्याची चौकशी करावीशी वाटली तर अवश्य करा. पाणी गरम न्या. ते तुम्हाला काही म्हणणार नाही. पण त्याला कळेल.